टेकडीवरचे विद्यापीठ आणि पायथ्याची वस्ती

श्रोतेहो, आपल्या गावात शाळा यावी, तालुक्याला कॉलेज व्हावे, असे कोणाला वाटत नाही? शाळेच्या इमारतीसाठी गावकरी वर्गणी काढतात, श्रमदान करतात. एखादा भला माणूस रस्त्यालगतचे चार गुंठे शाळेला देऊन मोकळा होतो. शाळेची घंटा वाजली की साऱ्या गावाला बरे वाटते. हे सगळे खरे. पण तीच संस्था पुढे वाढू लागते. वर्ग वाढतात, वसतिगृह लागते, मैदान लागते, प्रयोगशाळा लागते. मग एके दिवशी तिचे कुंपण शेजाऱ्याच्या बांधाला येऊन टेकते. शेजाऱ्याला निरोप जातो, 'विद्येचे काम आहे, तुम्ही जरा सरका.' त्याने सरकावे की सरकू नये? आणि हे ठरवायचे कोणी?

आज मी आपल्याला अशाच एका शेजाराची गोष्ट सांगणार आहे. ती आहे दूरच्या न्यूयॉर्क शहरातली, कोलंबिया विद्यापीठाची. हे नाव मराठी माणसाच्या कानाला परके नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले, ते याच विद्यापीठात. तीन वर्षे ते तेथे राहिले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. भारतातील जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी १९१६ च्या मे महिन्यात तेथेच वाचला. १९५२ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. एवढे मोठे विद्यापीठ, इतकी उदार तेथील विद्या. आणि त्याच विद्यापीठाच्या पायथ्याशी राहणारी गरीब माणसे त्याच्याशी वर्षानुवर्षे झगडत राहिली. असे का व्हावे?

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. विद्यापीठ आणि गाव यांचे भांडण फार जुने आहे. इंग्लंडात त्याला 'टाऊन आणि गाऊन' यांचा तंटा म्हणतात. टाऊन म्हणजे नगर आणि गाऊन म्हणजे विद्वानांच्या अंगावरचा झगा. ऑक्सफर्ड गावी १३५५ सालच्या फेब्रुवारीत दोन विद्यार्थ्यांनी एका गुत्त्यात वाईट दारू दिल्याची तक्रार केली. शब्दाने शब्द वाढला. बघता बघता नगराची घंटा वाजली, विद्यापीठाचीही वाजली, आणि दोन-तीन दिवस गावात रक्तपात चालला. विद्यापीठाची ६३ माणसे मेली असे परंपरा सांगते, नागरिकही मेले. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली. नगराध्यक्षाने दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये जाऊन ६३ पेन्स प्रायश्चित्त म्हणून भरावेत, असे ठरले. ही प्रथा १८२५ पर्यंत चालू होती, म्हणजे साडेचारशे वर्षांहून अधिक! शेवटी १९५५ साली, सहाशे वर्षांनी, दोन्ही पक्षांनी रीतसर समेट केला. विद्यापीठाने नगराध्यक्षाला सन्मानाची पदवी दिली आणि नगराने कुलगुरूंना मानाचे नागरिकत्व दिले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ सुटायला सहाशे वर्षे लागली.

दारूवरून पेटलेल्या त्या तंट्यात मूळ राग होता तो अधिकाराचा. बाजारभाव कोणी ठरवायचे, गुन्हेगाराला कोणाच्या कचेरीत उभे करायचे, यावरून गाव आधीच धुमसत होते. पुढच्या काळात भांडणाचे कारण बदलले. आता भांडण जागेचे झाले. आणि जागेचे भांडण म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आता न्यूयॉर्ककडे वळू. हे विद्यापीठ १७५४ साली 'किंग्ज कॉलेज' या नावाने निघाले. पहिल्या वर्गात अवघे आठ विद्यार्थी! पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, राजाचे नाव नकोसे झाले, आणि १७८४ मध्ये 'कोलंबिया' हे नाव आले. शहर वाढत गेले तसे हे कॉलेजही जागा बदलत गेले. आधी ते शहराच्या दक्षिण टोकाला होते. १८५७ मध्ये उत्तरेकडे सरकले. तीही जागा अपुरी पडली तेव्हा १८९७ मध्ये ते मॅनहॅटन बेटावरच्या एका टेकडीवर येऊन स्थिरावले. या टेकडीला 'मॉर्निंगसाइड हाइट्स' म्हणतात. पूर्वी तेथे वेड्यांचे इस्पितळ होते. भोवती मोकळे रान होते. तेव्हा कोणाचे घर मोडावे लागले नाही, की कोणाचा शाप घ्यावा लागला नाही.

त्या टेकडीची रचना डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला हडसन नदी. माथ्यावर विद्यापीठ, एक मोठे चर्च, धर्मशिक्षणाची विद्यालये, शिक्षकांचे कॉलेज, इस्पितळ. पूर्वेला एकदम कडा तुटलेला आहे. त्या उतरणीवर, आपल्याकडे डोंगरउतारावर देवराई असते तशी, सुमारे तीस एकरांची लांबट सार्वजनिक बाग आहे. तिचे नाव मॉर्निंगसाइड पार्क. आणि कड्याच्या खाली, सपाटीला, हार्लेम. गुलामीतून सुटलेल्या लोकांची लेकरे-नातवंडे दक्षिणेकडच्या प्रांतांतून कामाच्या शोधात उत्तरेला आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती बनली. तेथे कवी झाले, गवई झाले, पुढारी झाले. पण घरे कोंदट, भाडी भारी आणि मजुरी तुटपुंजी. म्हणजे वर पुस्तके आणि खाली दारिद्र्य, मध्ये एक कडा.

१९०४ मध्ये भुयारी आगगाडी सुरू झाली आणि टेकडीवरही भराभर भाड्याच्या इमारती उठल्या. मध्यमवर्गीय बिऱ्हाडे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. मोठ्या घरांच्या खोल्या पाडल्या गेल्या आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहू लागले. आपल्याकडच्या चाळीच मानाव्यात. प्वेर्तो रिको बेटावरून आलेले मजूर, कृष्णवर्णीय कुटुंबे, एकटे-दुकटे म्हातारे, असे लोक तेथे राहत. काही इमारतींत चोऱ्या आणि अमली पदार्थांचा धंदाही चाले. विद्यापीठाच्या चालकांना काळजी वाटू लागली. रात्री विद्यार्थी सुरक्षित कसे राहतील? चांगले प्राध्यापक अशा वस्तीत बायकामुलांसह राहायला येतील का? शिवाय जागेची टंचाई होतीच. ही काळजी खोटी होती असे म्हणता येणार नाही. शिक्षणसंस्थेलाही जगायचे असते.

मग त्यांनी काय केले? १९४७ मध्ये टेकडीवरच्या चौदा संस्थांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापले. त्याचे अध्यक्ष होते प्रसिद्ध धनिक घराण्यातले डेव्हिड रॉकफेलर. या मंडळाच्या पुढाकाराने सरकारी कायद्याचा आधार घेऊन जवळची जुनी वस्ती पाडली गेली आणि १९५७ च्या सुमारास तेथे मध्यमवर्गासाठी सहकारी तत्त्वावरच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. शेजारीच सरकारने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीही घरे बांधली. पण ज्यांची घरे पाडली त्या सगळ्यांना नव्या घरांत जागा मिळाली नाही. 'आमची घरे वाचवा' म्हणून तेथल्या बायाबापड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले. पाडकाम थांबले नाही.

त्यानंतर विद्यापीठ आणि आसपासच्या संस्था स्वतःच एकेक इमारत विकत घेऊ लागल्या. साठीच्या दशकाअखेर अशा इमारती शंभरांहून अधिक झाल्या. खोल्याखोल्यांनी राहणाऱ्या भाडेकरूंना जागा सोडायला सांगण्यात आले. कुठे थोडे पैसे देऊन, कुठे नोटीस देऊन, तर कुठे दुरुस्तीकडे काणाडोळा करून. हजारो माणसे हलली, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन होती. ध्यानात घ्या, येथे कोणी कायदा मोडला नव्हता. घरमालकाने घर विकले, नव्या मालकाने भाडेकरू काढला. कागद साफ होते. पण ज्या म्हातारीचे वीस वर्षांचे बिऱ्हाड उठले तिला कागदाची सफाई काय सांगणार? वाणी गेला, शेजारीण गेली, मुलांची शाळा गेली. घर फिरले की वासेही फिरतात, तसा सगळा आधार एका दिवसात फिरतो.

वस्तीचा राग असा साचत होता. त्याला तोंड फुटले ते एका तालीमखान्यावरून!

विद्यापीठाला व्यायामशाळा हवी होती. टेकडीवर जागा नव्हती. चालकांची नजर गेली उतारावरच्या सार्वजनिक बागेकडे. शहराच्या अधिकाऱ्यांशी बोलणी झाली, १९६० मध्ये प्रांतिक विधिमंडळाने परवानगीचा कायदा केला आणि १९६१ मध्ये भाडेपट्टा झाला. बागेतली २.१ एकर, म्हणजे ८४ गुंठे जागा, वर्षाला ३,००० डॉलर भाड्याने खासगी विद्यापीठाला मिळाली. बदल्यात इमारतीचा एक भाग हार्लेमच्या लोकांना वापरायला द्यायचा होता. केवढा भाग? सुमारे बारा टक्के. पुढे ओरड झाल्यावर तो थोडा वाढवला आणि पोहण्याचा तलाव देण्याचेही कबूल केले.

आता इमारतीचा आराखडा पाहा. कड्याला लागून इमारत. विद्यापीठाचे लोक वरच्या बाजूने, टेकडीवरून आत जाणार. हार्लेमचे लोक खालच्या बाजूने, वेगळ्या दाराने तळमजल्यात शिरणार. बांधणाऱ्यांचे म्हणणे असे की, उतारावरची इमारत आहे, वरच्यांना वरून आणि खालच्यांना खालून सोयीचे. स्थापत्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण ज्या लोकांच्या आजोबा-पणजोबांनी 'गोऱ्यांचे दार वेगळे, काळ्यांचे वेगळे' हे आयुष्यभर सोसले होते, त्यांनी ते दार कसे पाहिले असेल? अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा भेदाच्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत. व्यायामशाळेला तेथे 'जिम' म्हणतात. लोकांनी या इमारतीचे नाव ठेवले 'जिम क्रो'! श्रोतेहो, आपल्याकडे हे समजावून सांगण्याची गरज नाही. गावच्या पाणवठ्याला वेगळी पायरी म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जो सत्याग्रह झाला, तो काही केवळ ओंजळभर पाण्यासाठी नव्हता.

१९६६ मध्ये शहरात नवे महापौर आले. त्यांच्या उद्यान-अधिकाऱ्याने सार्वजनिक बागेची जागा खासगी संस्थेला देण्यालाच विरोध केला. पण करार आधीच झाला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झाले. यंत्रांपुढे काही माणसे बसली, पोलिसांनी त्यांना उचलले. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. विद्यापीठात शोकसभा भरली. त्या सभेत एक विद्यार्थी पुढारी उठला आणि म्हणाला, जे विद्यापीठ हार्लेमची जमीन घेते त्याने किंगसाहेबांचा शोक करणे हे ढोंग आहे. सभेत खळबळ उडाली.

२३ एप्रिल १९६८ रोजी दुपारी विद्यार्थ्यांचा जमाव बागेतल्या खोदकामाकडे गेला. तेथे पोलिसांशी झटापट झाली. जमाव परत फिरला आणि त्याने कॉलेजच्या एका मुख्य इमारतीत ठाण मांडले. त्यांच्या मागण्यांत व्यायामशाळा थांबवावी ही एक होती. व्हिएतनामच्या युद्धाशी संबंध असलेल्या संशोधनातून विद्यापीठाने अंग काढून घ्यावे ही दुसरी. पहाटे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना दुसरी इमारत धरायला सांगितले आणि ती पहिली इमारत आपल्याकडे ठेवली. एकूण पाच इमारती विद्यार्थ्यांच्या ताब्यात गेल्या. हार्लेमच्या लोकांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिजवलेले अन्न पोचवले. ज्यांना विद्यापीठाचे वरचे दार कधी उघडले नव्हते, त्यांच्या हातच्या भाकरीवर त्या विद्यापीठातली मुले आठवडाभर राहिली!

अधिकाऱ्यांपुढे पेच होता. या पोरांना पोलिसांनी बाहेर काढावे तर खाली हार्लेम पेटेल ही भीती. न काढावे तर विद्यापीठ बंद. शेवटी ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले. सातशेहून अधिक माणसे पकडली गेली आणि शंभरांहून अधिक जखमी झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र शांतपणे, रांगेने बाहेर आले आणि अटक झाले. इतर इमारतींत लाठ्या चालल्या. जे प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या विरुद्ध होते त्यांतल्याही अनेकांची मने त्या पहाटेने उलटली. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेसन कर्क निवृत्त झाले. १९६९ मध्ये विद्यापीठाने बागेतल्या व्यायामशाळेचा नाद सोडला. त्याच वर्षी प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांचे प्रतिनिधी असलेली सिनेटही स्थापन झाली. व्यायामशाळा पुढे विद्यापीठाने आपल्याच आवारात, जमिनीखाली बांधली. म्हणजे जागा होती. शोधायला थोडे कष्ट पडले असते एवढेच. आणि बागेतला तो खोदलेला खड्डा? कित्येक वर्षे तो तसाच पडून होता. पुढे १९९० च्या सुमारास शहराने तेथे एक तळे आणि धबधबा केला. आज तेथे बदके पोहतात, मुले काठावर खेळतात.

गोष्ट येथे संपली असती तर बरे होते. पण विद्यापीठाची जागेची भूक संपली नाही. विज्ञान वाढत होते, यंत्रे मोठी होत होती. २००३ मध्ये विद्यापीठाने नवी योजना जाहीर केली. टेकडीच्या उत्तरेला, १२५ व्या रस्त्यापलीकडे, मॅनहॅटनव्हिल नावाचा सुमारे सतरा एकरांचा भाग घ्यायचा. सतरा एकर म्हणजे आपल्याकडे एखाद्या खातेदाराचे शेत. पण न्यूयॉर्कात एवढ्या जागेत गोदामे, मोटारदुरुस्तीची दुकाने, छोटे कारखाने, लोकांची बिऱ्हाडे आणि शेकडोंची पोटे होती. पश्चिम हार्लेमच्या स्थानिक मंडळाने आपलाही एक आराखडा तयार केला. त्यांचे म्हणणे होते, विद्यापीठाने यावे, पण दुकाने, कामधंदे आणि गरिबांची घरे यांच्या जोडीने यावे. सगळे पुसून येऊ नये. ऑगस्ट २००७ मध्ये त्या मंडळाने विद्यापीठाच्या योजनेविरुद्ध ३२ विरुद्ध २ अशी मते दिली. पण मंडळाला मत देण्याचा अधिकार होता, अडवण्याचा नव्हता. डिसेंबरमध्ये शहराच्या विधिमंडळाने योजना मंजूर केली.

बहुतेक मालकांनी जमिनी विकल्या. राहिले दोन-तीन. एकाची सामान ठेवण्याची गोदामे होती. दुसरे होते भारतातून गेलेले एक शीख कुटुंब. त्यांचे तेथे पेट्रोलपंप होते. परक्या देशात कष्टाने उभी केलेली ती मिळकत होती. ते विकायला तयार होईनात. मग सरकारी महामंडळाने सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग धरला. त्यासाठी 'हा विभाग मोडकळीला आला आहे' असे ठरवणे भाग होते. तसा अहवाल तयार झाला. पण तो करणारी सल्लागार कंपनी आधी विद्यापीठाचेही काम करत होती! शिवाय तेथल्या बहुतेक इमारती एव्हाना विद्यापीठाच्याच मालकीच्या झाल्या होत्या. मालकांनी न्यायालयात विचारले, इमारती मोडकळीला आल्या असतील तर त्या कोणाच्या हातात असताना आल्या?

डिसेंबर २००९ मध्ये एका न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मालकांच्या बाजूने निकाल दिला. पण जून २०१० मध्ये प्रांताच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो फिरवला. विद्यापीठ खासगी असले तरी शिक्षण हे सार्वजनिक हिताचे काम आहे, म्हणून जमीन घेता येईल, असे त्याने ठरवले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचे अपील ऐकायला नकार दिला. पेट्रोलपंप गेले. आज तेथे काचेच्या भव्य इमारती उभ्या आहेत. मेंदूच्या विकारांवर तेथे संशोधन चालते. त्याचा लाभ उद्या तुमच्या-माझ्या घरातल्या रोग्यालाही होईल. हेही खरे आहे, आणि तेही खरे आहे.

या वेळी १९६८ सारखी आग भडकली नाही. काही विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये उपोषण केले, सभा-मोर्चे झाले. पण विद्यापीठही काही शिकले होते. राहत्या घरांतून लोकांना सक्तीने काढायला लावणार नाही, असे त्याने कबूल केले. २००९ मध्ये वस्तीशी लेखी करार करून घरे, शिक्षण आणि रोजगार यांसाठी १५ कोटी डॉलरचे साहाय्य द्यायचे ठरले. एक नवी सार्वजनिक शाळाही निघाली. वस्तीतल्या अनेकांना हे थोडे वाटले. मिळालेल्या पैशाचा हिशेब नीट राहिला नाही म्हणून सरकारी चौकशीही झाली आणि नव्याने व्यवस्था लावावी लागली. तरीसुद्धा १९६१ च्या करारात वस्तीला कोणी विचारले नव्हते आणि २००९ मध्ये वस्ती कराराला एक पक्षकार होती, हा फरक लहान नाही.

आता ही परदेशची कथा आपण का ऐकायची? कारण भूसंपादन हा शब्द महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरात धरणापासून रस्त्यापर्यंत सगळीकडून शिरलेला आहे. आपल्याकडे १८९४ चा इंग्रजी अमदानीतला कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. त्यात सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटले की बहुधा प्रश्न मिटे. त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात गावाशी सल्लामसलत आली, समाजावर होणाऱ्या परिणामांची पाहणी आली. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकार व खासगी भागीदारीच्या कामासाठी ७० टक्क्यांची संमती हवी, असे ठरले. आणखी एक कलम शिक्षकांनी अवश्य वाचावे. पायाभूत सोयींच्या नावाखाली ज्या कामांसाठी जमीन घेता येते, त्यांतून या कायद्याने खासगी शिक्षणसंस्था, खासगी इस्पितळे आणि खासगी हॉटेले वगळली आहेत. न्यूयॉर्कच्या न्यायपीठाने ज्या प्रश्नाला एक उत्तर दिले, त्याला आपल्या संसदेने दुसरे उत्तर दिले. कोणते बरोबर, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

माझे मत विचाराल तर मी विद्यापीठाच्या वाढीविरुद्ध नाही. मी स्वतः शिक्षक आहे. ग्रंथालयाला जागा हवी, मुलींच्या वसतिगृहाला जागा हवी, हे मला रोज दिसते. पण कोलंबियाच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शेजाऱ्याला विचारायचे ते नकाशा काढण्यापूर्वी. नकाशा झाल्यावर, करार झाल्यावर, बारा टक्क्यांचे पंधरा टक्के करून दिले तरी त्याचा राग जात नाही. उलट आपल्याला भीक घातली असे त्याला वाटते. आणि दार एकच असावे. वेगळ्या दाराने आत घेतलेला माणूस आत आला असे होत नाही.

डॉ. आंबेडकरांचा एक पुतळा आज कोलंबिया विद्यापीठाच्या एका ग्रंथालयात आहे. तो ज्या इमारतीत आहे ती जुन्या आवाराच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे आहे. महायुद्धानंतर विद्यापीठ ज्या बाजूला पसरले, तीच ही बाजू. तेथून थोडे चालले की कड्याचा कठडा लागतो आणि खाली ती बाग आणि पलीकडे हार्लेम दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम सुचवतो. आपली शाळा ज्या जागेवर उभी आहे ती पूर्वी कोणाची होती, याचा शोध मुलांना घ्यायला सांगा. जुने उतारे पाहावेत, म्हाताऱ्या माणसांना विचारावे. कोणी ती आपखुशीने दिली असेल, कोणाकडून घेतली गेली असेल, कोणी तेथे पूर्वी गुरे बांधत असेल. जे कळेल ते मुलांनी एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही शाळेच्या कपाटात राहू द्यावी. उद्या शाळेला आणखी दोन खोल्या वाढवायच्या झाल्या तर ती वही आधी उघडावी आणि मग कुदळ हातात घ्यावी.